काश्गरच्या बाजारातील खाणे

काश्गरच्या बाजारात जिरे मागावयाचे असेल, तर दुभाष्याची गरज नाही. उइगुर भाषेत त्यास 'झिरे'च म्हणतात. मांसास 'गोश', कांद्यास 'पियाज', भट्टीस 'तोनूर', आणि आपल्या समोशाचा सख्खा भाऊ म्हणजे 'साम्सा'. फरक एवढाच की साम्सा कढईत तळत नाहीत. पातळ कणकेत मेंढीच्या मांसाचे बारीक तुकडे, शेपटीची चरबी, कांदा आणि जिरे भरून ते भट्टीच्या आतील भिंतीस चिकटवितात. बाहेर येतात ते पापुद्रे खरपूस होऊन, आणि पहिल्याच घासाला हातावर तूप ओघळावे तशी चरबी ओघळते.

त्याच भट्टीतून नान निघतात. मधोमध खळगा असलेले लहान, जाड 'गिर्दे' ओळीने रचून ठेवलेले असतात. नानावर ठसे उमटविण्याचे 'चेकिच' नावाचे साधन पूर्वी पक्ष्यांच्या पिसांच्या दांड्यांचे करीत. या लोकांत नानाचा मान आपल्याकडील अन्नाच्या मानासारखाच: जमिनीवर पडलेला तुकडा कोणी तुडवीत नाही, आणि लग्नात वधूवर मिठाच्या पाण्यात बुडविलेला नान खातात.

परंतु पाहावे ते लाग्मान. मिठाच्या पाण्यात मळलेली कणीक तेल लावून मुरवायची, तिची दोरी वळून वेटोळे करायचे, मग ती दोन्ही हातांच्या पंजांवर गुंडाळून ओढायची आणि फळीवर आपटायची. प्रत्येक ओढीसरशी धागा लांबत जातो, पण तुटत नाही. तबलजीच्या हातात वजन असते तसे या आचाऱ्याच्या हातात असते. जोर जास्त झाला की गेले. उकडलेल्या या शेवयांवर मांस, ढबू मिरची, टोमॅटो यांचे परतलेले कालवण घालतात. मिरची व टोमॅटो दोन्ही अमेरिकेतून आलेले. पण आता त्यांच्यावाचून ना त्यांचे चालते, ना आपले.

पोलो म्हणजे पिवळ्या गाजरांचा, मांसाचा पुलाव. तांदूळ वरून घालून वाफेवर शिजवितात. कबाबाच्या सळईवर मांसाच्या तुकड्यांमध्ये चरबीचा तुकडा हवाच. निखाऱ्यावर धूर उठला की वर जिरे, तिखट, मीठ. शाकाहारी प्रवाशाचे येथे हाल आहेत, हे आमच्या ब्राह्मणी वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्यांनी नान, अंजिरे, खरबूज आणि बर्फ घातलेले दह्याचे 'दोघ' यांवर राहावे. तेही थोडके नव्हे.

या प्रदेशाचा आपला संबंध जुना आहे. कुचा येथे १८९० मध्ये हॅमिल्टन बॉवर यास मिळालेल्या संस्कृत हस्तलिखितात लसणाचे गुण सांगणारा भाग आहे. लेह आणि यार्कंद यांच्यामधला काराकोरम खिंडीतला व्यापार १९४९ नंतर बंद पडला. तोपर्यंत हिंदुस्थानी व्यापारी त्या बाजारांत वावरत होते.

माझ्या वडिलांची हयात दरबारी गाण्यात गेली, म्हणून मुकामाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. उइगुरांचे बारा मुकाम तालाविना आरंभ होतात, आपल्या आलापासारखे, आणि सबंध गाऊन व्हावयास वीस तासांहून अधिक वेळ लागतो. तुर्दी आखून या वृद्ध गवयास ते मुखोद्गत होते; १९५० च्या दशकात त्याचे ध्वनिमुद्रण झाले, १९५६ मध्ये तो वारला, आणि १९६० मध्ये स्वरलिपी छापून निघाली. थोडक्यात वाचले. मुकामाचा शेवटचा भाग 'मश्रप', आणि गाणे, नाच, थट्टा व जेवण एकत्र असलेल्या मेळाव्यासही मश्रपच म्हणतात. २०१० मध्ये युनेस्कोने तो तातडीने जपावयाच्या परंपरांच्या यादीत घातला.

तो जपला गेला असे म्हणवत नाही. काश्गरची जुनी वस्ती २००९ पासून पाडून नव्याने बांधली गेली. २०१७ नंतर लाखो माणसे छावण्यांत डांबली गेली. बाजारातल्या खाटकांच्या सुऱ्या साखळीने बांधलेल्या प्रवाशांनी पाहिल्या. लोकजीवनाच्या विख्यात अभ्यासक राहिले दावुत २०१७ च्या डिसेंबरात नाहीशा झाल्या, आणि त्यांना जन्मठेप झाल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. आज जुन्या वस्तीच्या नव्या गल्ल्यांतून पर्यटकांची झुंबड असते, कबाबाचा धूरही असतो. रंगमंचावर मुकामही होतात.

इस्तंबूलच्या झेतिनबुर्नू भागात परागंदा उइगुरांनी खाणावळी थाटल्या आहेत. अल्माटीत तर त्यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तेथेही लाग्मान हातानेच ओढतात, आणि फळीवर आपटल्याचा आवाज रस्त्यापर्यंत येतो.