मूठभर काड्यांची शेगडी

येडगाव धरणाच्या काठावर थंडीत सकाळी चहा टाकायचा तर आधी वाऱ्याशी बोलणी करावी लागतात. पाण्यावरून येणारा हा वारा तीन दगडांच्या चुलीतला जाळ कधी डावीकडे लोळवतो, तर कधी थेट आपल्या डोळ्यांत आणतो. पातेलं कोमट आणि माणूस रडवेला.

म्हणून आता माझ्या पिशवीत एक पत्र्याची शेगडी असते. वीतभर उंच, वजनाला किलोच्या आत. एका डब्यात दुसरा डबा, दोन्हींच्या मधे बोटभर पोकळी. बाहेरच्या डब्याला खाली भोकं, आतल्याच्या तळाला जाळी आणि वर काठालगत भोकांची माळ. पंखा नाही, सेल नाही. जवळच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिला विजेच्या उपकरणांचा गोंगाट चालत नाही, पण माझ्या शेगडीबद्दल तिची तक्रार नसावी.

लाकूड जळतं असं आपण म्हणतो खरं, पण तापलेल्या लाकडातून आधी वायू निघतो आणि ज्वाळा होते ती त्या वायूची. कोरड्या लाकडाचा बराचसा भाग असा वायू होऊन जातो, मागे उरतो तो कोळसा. धूर म्हणजे न जळता निसटलेलं सरपणच. या शेगडीत पोकळीतली हवा तापून वर चढते, काठाच्या भोकांतून आत शिरते आणि त्या धुराला गाठून पेटवते. मग भोकाभोकांतून गॅसच्या बर्नरसारख्या जिभा बाहेर येतात.

फक्त ती पेटवायची वरून. काड्या उभ्या, खच्चून भरायच्या आणि माथ्यावर काडेपेटी लावायची. आपल्या हाताला सवय खालून पेटवायची. पहिल्या खेपेला मी तेच केलं आणि सगळ्या काठावर धुराचा पडदा धरला. वरून पेटवण्याची ही युक्ती १९८०च्या दशकात अमेरिकेतले टॉम रीड आणि नॉर्वेचे पॉल वेंडेल्बो यांनी स्वतंत्रपणे शोधली. मधे बाटली धरून भुसा ठासायचा आणि बाटली उपसून त्या भोकात जाळ करायचा, ही शेगडी मात्र आपल्याकडच्या जुन्या घरांनी पाहिलेली आहे. तांब्याच्या बंबातही आग मधल्या नळकांड्यात आणि पाणी भोवती. जाळ कोंडून त्याला वाट ठरवून द्यायची, हे शहाणपण नवं नाही.

पुण्यात आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने सुधारित चुलींवर वर्षानुवर्षं काम केलं. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तिच्या पद्धतीला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. जुन्नरच्या उसाच्या शिवारात, जिथे पाचट शेतातच पेटवून देण्याची रीत आहे, तिथे हे आठवल्याशिवाय राहत नाही.

पाचट माझ्या शेगडीला मानवत नाही. भुर्रकन जळून जातं. इथलं खरं सरपण म्हणजे द्राक्षाची काडी. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. बागेबाहेर पडलेले ढीग दोन महिने उन्हात राहिले की काडी टचकन मोडते. मोडताना आवाज आला नाही तर ती ओली समजावी. बागायतदाराला विचारून पिशवीभर घ्यावी. एक मात्र आहे. बागेवर मोरचूद आणि औषधांच्या फवारण्या झालेल्या असतात, तेव्हा या काडीवर चहा खुशाल करावा, वांगं थेट जाळात भाजायचं असेल तर बाभळीकडे वळावं.

लिटरभर पाणी उकळायला लागणारी उष्णता वीस ग्रॅम कोरड्या लाकडात असते. उघड्या चुलीत दहातला एखादाच भाग भांड्याला लागतो, म्हणजे दोनशे ग्रॅम. या शेगडीत तीनातला एक लागला तर साठ-पासष्ट ग्रॅम पुरे. मूठभर काड्या त्या एवढ्याच.

आता दुसरी बाजू. जाळ तव्याच्या मधोमध एकवटतो, म्हणून भाकरी मधे करपते आणि कडेला कच्ची राहते. जड पातेलं डगमगतं, बूड काळं होतं. काड्या संपत आल्या की पुन्हा भरताना धूर होतोच. दहा जणांचा रस्सा करायचा असेल तर दगडच मांडा. ही शेगडी दोघा-तिघांच्या चहाची आणि पिठलं-भाताची, यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा नको.

राखीव वनात आणि गडांवर विस्तव करू नका, तिथे ही शेगडीही चालत नाही. उन्हाळ्यात काठावरचं गवत वाळलं की पाण्याचा हंडा शेजारी ठेवा. उसात बिबट्या असतो, तेव्हा भांडी दिवस मावळायच्या आत आवरा. उरलेल्या कोळशावर पाणी ओता आणि राखेत हात घालून गार झाल्याची खात्री करा. ऊब मिळेल म्हणून ही शेगडी तंबूत मात्र कधीच घेऊ नका. धुमसत्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि त्याला रंगही नसतो, वासही नसतो.