ठोका जुळला, पुढे काय?

'डीजे' हा शब्द महाराष्ट्रात आता माणसाचा राहिलेला नाही, तो ध्वनिक्षेपकांच्या भिंतीचा झाला आहे. 'मिरवणुकीत डीजे लावला' असे आपण म्हणतो. मंडप, झेंडूच्या माळा आणि जनरेटर यांच्या यादीत तोही एक. मूळ शब्द मात्र डिस्क जॉकी, म्हणजे तबकड्या हाकणारा माणूस. आज एखाद्या घरी मुलगा किंवा मुलगी 'मला डीजे व्हायचंय' असे जेवताजेवता जाहीर करते आणि आईवडील एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. गाणे शिकायचे म्हटले असते, तर गुरू कोण, रियाज किती, हे विचारता आले असते. इथे विचारायचे काय? दुसऱ्यांची गाणी एकापुढे एक लावण्यात कसब ते कसले? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे.

आधी काम काय ते पाहू. दोन टर्नटेबले, मध्ये मिक्सर (स्वयंपाकघरातला नव्हे, दोन्हीकडचा आवाज कमीजास्त करून एकत्र करणारा) आणि कानाला हेडफोन. एक तबकडी लोक ऐकत असतात. दुसरी फक्त तो ऐकत असतो. पहिलीचे गाणे संपण्यापूर्वी दुसरीचे गाणे तिच्यात असे मिसळायचे, की नाचणाऱ्यांचा पाय अडखळू नये. यासाठी दोन्हींची लय एक हवी. टेक्निक्स कंपनीचे एसएल-१२०० हे टर्नटेबल १९७२ साली आले आणि १९७९ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यावर एक सरकती पट्टी होती. तिने तबकडीचा वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी किंवा जास्त करता येई. जगभरच्या डीजेंची पिढी या यंत्रावर घडली.

लय जुळवणे किती नाजूक, याचा हिशेब सोपा आहे. एका गाण्यात मिनिटाला १२० ठोके आहेत आणि दुसऱ्यात १२१. फरक अवघ्या एका ठोक्याचा. पण अर्ध्या मिनिटात तो अर्ध्या ठोक्याइतका साचतो. मग एकाच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये दुसऱ्याचा ठोका पडतो. दिंडीत दोन टाळकरी वेगवेगळ्या लयीत वाजवू लागले तर जे होईल, तेच. हे टाळण्यासाठी बोटाने तबकडीला हलकेच पुढे ढकलायचे, किंचित अडवायचे, आणि हे सारे एका कानाने लोकांचे गाणे व दुसऱ्या कानाने आपले गाणे ऐकत करायचे. ही विद्या एका दिवसात येत नाही.

तरीही ती कसोटीची पहिलीच पायरी. बँकेत आयुष्य घालवल्यामुळे मला हे पटते. संध्याकाळी जमाखर्च जुळला पाहिजे, यात वाद नाही. न जुळला तर कोणी घरी जात नाही. पण जुळला म्हणून त्या दिवशी कर्जे योग्य माणसांना दिली गेली, असे सिद्ध होत नाही. शिवाय आजच्या यंत्रांवर 'सिंक' नावाची कळ असते. ती दाबली की ठोके आपोआप जुळतात. बेरजेचे काम यंत्राने उचलले, की माणसाचे खरे काम उघडे पडते.

ते काम तीन गोष्टींत दिसते. पहिली, जोड कुठे द्यायचा. नृत्यसंगीत बहुधा चार ठोक्यांच्या मापात बांधलेले असते आणि अशा आठ मापांची, म्हणजे ३२ ठोक्यांची, एक वाक्यरचना होते. तीनतालाची दोन आवर्तनेच म्हणा. नवे गाणे या वाक्याच्या आरंभी आले तर समेवर आल्यासारखे वाटते. मधेच आले तर ठोके जुळूनही बोलणाऱ्याचे वाक्य तोडल्यासारखे वाटते. दुसरी, खर्जाची देवघेव. दोन गाण्यांचे खालचे, ढोलासारखे सूर एकाच वेळी वाजले की नुसता गदळ होतो. म्हणून जाणकार डीजे येणाऱ्या गाण्याचा खर्ज आधी काढून ठेवतो आणि योग्य क्षणी जुन्याचा काढून नव्याचा सोडतो. तिसरी आणि सर्वांत अवघड, निवड. या गाण्यानंतर हेच का? त्याने आधीच्या गाण्याचा अर्थ बदलला का?

उदाहरण म्हणून एक ध्वनिमुद्रण पाहू. अमेरिकेतील डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. तिथल्या कृष्णवर्णीय तरुणांनी १९८० च्या दशकात यंत्रांच्या ठोक्यांतून 'टेक्नो' हे संगीत घडवले. त्याच शहरात १९६३ साली जन्मलेला जेफ मिल्स ऐंशीच्या दशकात नभोवाणीवर 'द विझर्ड' या नावाने झपाझप तबकड्या बदलण्यासाठी प्रसिद्ध होता. १९९५ साली टोकिओच्या लिक्विड रूम या नृत्यगृहात त्याने वाजवलेल्या रात्रीचे मुद्रण पुढच्या वर्षी बाजारात आले. अवधी तासाभराहून थोडा अधिक, आणि त्यात तीसहून अधिक रेकॉर्डी. म्हणजे एकेका रेकॉर्डीच्या वाट्याला सरासरी दोन मिनिटांच्या आसपास वेळ येतो. मिल्स दोनऐवजी तीन टर्नटेबले वापरतो. एखादे गाणे येते, आपले म्हणणे एका दमात सांगते आणि जाते. कधी त्याच्याच अंगावर तिसरे चढते.

मुख्य म्हणजे हे मुद्रण निर्दोष नाही. मधे सुई घसरल्याचे ऐकू येते, जोड क्वचित खडबडीत होतो, गर्दीचा गलका आत शिरतो. जमाखर्च तपासणाऱ्याने लाल पेन्सिल उचलावी अशा जागा त्यात आहेत. तरीही टेक्नोच्या उत्तम मुद्रणांत त्याचे नाव आवर्जून घेतले जाते. कारण डळमळलेली लय तो ज्या झटक्यात सावरतो, त्यात त्याची पकड दिसते. तानेत स्वर निसटला तरी गवई ज्या डौलाने समेवर येतो, त्याला आपण मान डोलावतोच ना?

पण म्हणून वेग आणि जोखीम हीच सर्वांची कसोटी मानायची नाही. त्याच १९९६ साली साशा आणि जॉन डिगवीड या ब्रिटिश जोडीचे 'नॉर्दर्न एक्स्पोजर' निघाले. तिथे गाणी एकमेकांत इतकी सावकाश विरघळतात, की एक कधी संपले ते कळत नाही. विलंबित ख्यालाला द्रुत तराण्याच्या मापाने मोजू नये, तसेच हेही. कलाकाराने जे करायचे योजले ते साधले का, हे आधी पाहावे.

आता जोशाकडे वळू, कारण आपल्याकडे सगळा घोटाळा तिथेच आहे. जोश म्हणजे आवाज, अशी समजूत रुजली आहे. डेसिबलचे गणित असे, की दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट होते आणि वीस वाढले की शंभरपट. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती ओलांडणारी भिंत खिडक्यांची तावदाने हलवते आणि म्हाताऱ्या माणसांची छाती धडधडवते. पण ती कोणाला नाचवत असेलच असे नाही. सबंध वेळ शिगेला असलेल्या आवाजाला शीग उरत नाही. जोश हा फरकातून येतो. खर्ज काढून घ्यावा, ठोका थांबवावा, ऐकणाऱ्याला क्षणभर अधांतरी ठेवावे आणि मग सारे परत द्यावे. भजनात टाळ थांबून नुसता एकच आवाज उरतो आणि मग सगळे एकदम उसळतात, तेव्हा आवाज वाढवणारे बटण कोणी फिरवलेले नसते.

याची साक्ष आपल्या शेजारीच, गोव्यात आहे. अंजुण्याच्या किनाऱ्यावर रात्रभर वाजवणाऱ्या परदेशी डीजेंना उन्हाने वाकणाऱ्या आणि धुळीने खरखरणाऱ्या तबकड्या परवडत नसत. म्हणून ते डॅट नावाच्या छोट्या डिजिटल कॅसेटी वापरीत. तिच्यावर तबकडीसारखे बोट ठेवून लय जुळवण्याची सोय नव्हती. २०२३ साली निधन पावलेला गोवा गिल हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. ठोके जुळवण्याचे कसब जवळपास बाजूला पडले, तेव्हा हाती उरला तो गाण्यांचा क्रम: मध्यरात्री काय, काळोख गडद असताना काय आणि पहाट फुटताना काय. आपल्या संगीतातला रागसमय जाणणाऱ्याला ही दृष्टी परकी वाटू नये. त्या रात्रींतूनच 'गोवा ट्रान्स' हा जगभर पोचलेला प्रकार निघाला.

तेव्हा घरातल्या मुलाने डीजे व्हायचे म्हटले, तर आईवडिलांनी त्याचे तासाभराचे वाजवणे शांतपणे, बेताच्या आवाजात ऐकावे. ठोके जुळतात का, नवे गाणे वाक्याच्या आरंभी येते का, खर्ज एकमेकांवर आदळतात का, हे कोणालाही थोड्या सवयीने कळते. नंतर त्याला विचारावे, की हे गाणे याच गाण्यानंतर का लावलेस? तो उत्तर शोधू लागला, तर त्याला शिकू द्यावे. आणि त्याने उत्तर म्हणून नुसता आवाज वाढवला, तर 'अजून रियाज कर' असे सांगायला आईवडिलांना संगीताची पदवी लागत नाही.