पेन म्हणजे पीस, निब म्हणजे चोच
चौथीत असताना मागच्या बाकावरून धक्का बसला आणि नुकतीच टोक केलेली शिसपेन्सिल माझ्या तळहातात घुसली. टोक आतच मोडलं. "शिसं अंगात गेलं, आता ते भिनणार," असं आत्या म्हणाली आणि दोन रात्री मला झोप लागली नाही. तो काळा ठिपका अजून हातावर आहे. आत्याचा दोष नव्हता. शब्दच तिला तसं सांगत होता.

पेन्सिलीत शिसं नसतं. असतं ते ग्राफाइट, म्हणजे कार्बनचंच एक रूप, चिकणमातीत मिसळून भाजलेलं. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बॉरोडेलला ग्राफाइटचा मोठा साठा सापडला, तेव्हा लोकांना तो शिशाचाच प्रकार वाटला. १७७९ साली शेले या रसायनशास्त्रज्ञाने हे कार्बन आहे असं दाखवून दिलं. पुढे दहा वर्षांनी वेर्नर या खनिजशास्त्रज्ञाने 'लिहिणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून त्याला ग्राफाइट हे नाव दिलं. तोवर इंग्रजीत 'लेड पेन्सिल' रुळली होती. आपणही तिची शिसपेन्सिल केली, आणि पाटीवरच्या पेन्सिलीपासून तिला वेगळं ओळखायला ते नाव सोयीचंही पडलं. तेव्हा मुलांना टोक लागलं तर जखम नीट धुवावी. शिशाची विषबाधा होईल ही भीती मनातून काढून टाकावी.

दुसरा गैरसमज तर मी शिकलेल्या माणसांकडूनही ऐकला आहे : पेन्सिल म्हणजे छोटं पेन. कानाला तसं वाटतं खरं, पण दोन्ही शब्दांची कुळं निराळी. पेन्सिल आली लॅटिन 'पेनिकिलस'वरून. त्याचा अर्थ चित्रकाराचा बारीक कुंचला, शब्दशः इवलंसं शेपूट. सूक्ष्मदर्शकाखाली कुंचल्यासारखी दिसते म्हणून एका बुरशीला पेनिसिलियम म्हणतात, आणि फ्लेमिंग यांनी तिच्यात सापडलेल्या औषधाला १९२९ साली पेनिसिलिन म्हटलं. म्हणजे पेन्सिलीची सख्खी बहीण औषधाच्या दुकानात आहे.

पेन मात्र 'पेन्ना'वरून आलं. पेन्ना म्हणजे पीस. युरोपात शेकडो वर्षं लोक पाळीव हंसाच्या पिसाने लिहीत. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या पंखाचं पीस बरं पडे, कारण त्याचा बाक डोळ्यांसमोरून बाहेर वळतो. देठाचं टोक तिरकं छाटायचं, मधोमध केसाएवढी चीर द्यायची. दाब पडला की चीर उघडते आणि शाई खाली उतरते. टोक झिजलं की पुन्हा छाटायचं, त्यासाठी जवळ ठेवायच्या लहान चाकूला 'पेननाइफ' हे नाव पडलं. आपला बोरू वेताचा, पण छाट तशीच तिरकी. घरात जुनं फाउंटन पेन असेल तर त्याची निब भिंगाखाली धरून पाहा. पिसाची ती चीर धातूत जशीच्या तशी उतरली आहे. आणि निब या शब्दाचा मूळ अर्थ? चोच.

मेंढ्यांच्या कोंडवाड्यालाही इंग्रजीत पेन म्हणतात. त्याचा पिसाशी काही संबंध नाही, तो जुन्या इंग्रजीतला वेगळाच शब्द आहे. टोपणनावासाठी मात्र इंग्रज लोक 'नॉम द प्लूम', म्हणजे 'पिसाचं नाव', म्हणतात आणि ते फ्रेंच आहे असं सगळे धरून चालतात. शब्द फ्रेंच खरे, पण त्यांची मोळी बांधली इंग्रजांनी. 'पेन नेम' हा त्याचाच अनुवाद.

एक गैरसमज मला स्वतःला बरीच वर्षं होता. पेन परकं, त्याचं आपल्या भाषेशी नातं असायचं काही कारण नाही, असं मला वाटे. पण पेन्ना ज्या अतिप्राचीन धातूपासून निघालं त्याचा अर्थ उडणे, आणि संस्कृतात तोच धातू 'पत्' या रूपात आहे. त्यावरून झालं पत्र : पंख, पीस, झाडाचं पान आणि मग लिहिलेलं पान. बेलपत्रातलं पत्र, पोस्टमनने आणून दिलेलं पत्र आणि खिशाला लावलेलं पेन, तिन्ही त्या एकाच धातूची.