अर्धसंवाहक पटलांतील उत्तापविद्युत्



कलघटगीच्या पाळण्यांची कीर्ती दूरवर आहे, ती लाकडावरील लाखेच्या पातळ रंगीत थरामुळे. आज अशाच एका पातळ थराविषयी, म्हणजे अर्धसंवाहक पदार्थांच्या पटलांविषयी आणि ऊब लागताच त्यांत उद्भवणाऱ्या विजेविषयी विवेचन करावयाचे आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी श्रीलंकेतून टूर्मलीनचे खडे युरोपात नेले. ते तापविले की राख ओढून घेत. ही ओढ विजेची आहे, हे एपिनुस याने १७५६ मध्ये दाखविले. अशा स्फटिकात धन व ऋण भारांची केंद्रे एकमेकांपासून किंचित ढळलेली असतात. त्यामुळे समोरासमोरच्या पृष्ठांवर विरुद्ध भार प्रकटतात. तापमान स्थिर असता बाहेरचे भार येऊन त्यांना झाकून टाकतात. तापमान बदलले की हे ढळणे कमीजास्त होते आणि पृष्ठांना जोडलेल्या तारेतून प्रवाह वाहतो. तो बदल चालू असेतोवरच टिकतो. माणसाच्या हालचालीने दिवा लावणारी कळ याच तत्त्वावर चालते. म्हणून माणूस स्तब्ध बसला की तिला तो दिसेनासा होतो.

झिंक ऑक्साइड आणि षट्कोनी रचनेचे कॅडमियम सल्फाइड हे अर्धसंवाहक याच जातीचे आहेत. झिंक ऑक्साइडच्या एक चौरस सेंटीमीटर पटलाचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले, तर सुमारे साडेपाचशे कोटी इलेक्ट्रॉनांइतका भार मोकळा होतो. हा भार जाडीवर अवलंबून नसतो. पटल जितके पातळ, तितकी ते तापविण्यास उष्णता मात्र कमी लागते. पातळपणाचे महत्त्व ते हेच.

अडचण अशी की, अर्धसंवाहकातील मुक्त इलेक्ट्रॉनच हा भार झाकतात. पटलाची रोधकता एक ओहम-सेंटीमीटर असेल, तर सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्या आतच तो लोपतो. म्हणून झिंक ऑक्साइडमध्ये लिथियम मिसळून रोधकता वाढवितात. शिवाय पटलातील स्फटिककणांचे अक्ष एकाच दिशेस असावे लागतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रासायनिक द्रावणातून कॅडमियम सल्फाइडची पटले बनविण्यावर पुष्कळ संशोधन झाले आहे. या पद्धतीच्या पटलांत कधी घनीय रचनाही आढळते. तीत ही वीज उद्भवत नाही.

आता, बाहेरून विद्युत्‌दाब न देता पटलावर प्रकाश टाकला आणि प्रवाह वाहिला, तर तो उष्णतेचा की प्रकाशाचा? प्रकाशजन्य प्रवाह प्रकाश असेपर्यंत वाहतो आणि प्रकाश बंद होताच थांबतो. उत्तापविद्युत् प्रवाह तापमान स्थिरावताच शून्य होतो आणि प्रकाश बंद झाल्यावर, पटल निवू लागताच, उलट दिशेने वाहतो. हा उलटा प्रवाह पाहिल्यावाचून निष्कर्ष लिहू नये, एवढीच या शाळेतून विज्ञानाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांस विनंती.