मासा नव्हे, त्यावरचा सॉस मोजा

माशात कर्बोदकं जवळजवळ नसतातच. पापलेट असो, रावस असो की बासा, कर्बोदकांच्या हिशेबात मासा शून्यच धरायचा. म्हणून जेवणाआधी इन्शुलिन घेणारी मंडळी चायनीज हॉटेलात मासा मागवून निर्धास्त होतात, आणि दोन तासांनी साखर तपासली की चकित होतात. कारण मासा आलेला असतो ‘स्वीट अँड सावर’ होऊन, लालसर चकचकीत सॉसमध्ये बुडून.

इथे जिभेवर विसंबू नका. व्हिनेगरच्या आंबटपणामागे गोडी लपते. लिंबाच्या सरबतात साखर किती लागते, ते आठवा.

त्यापेक्षा हाच पदार्थ घरी चौघांसाठी केला असं समजून हिशेब करू. सॉसमध्ये तीन टेबलस्पून साखर, म्हणजे ३६ ग्रॅम. चार टेबलस्पून टोमॅटो केचपची १८, अर्धी वाटी अननसाची १०, दाटपणासाठी घातलेल्या चमचाभर कॉर्नफ्लोअरची ७. झाली ७१. माशाच्या तुकड्यांना लावलेलं मैदा-कॉर्नफ्लोअर चार टेबलस्पून धरलं, तर त्याची आणखी २६. एकूण ९७, माणशी साधारण २४ ग्रॅम. वाटीभर भातात जेवढी कर्बोदकं, जवळपास तेवढीच! आणि भात तर आपण शेजारी वेगळा घेतलेलाच असतो.

हॉटेलात आचाऱ्याचा हात कळत नाही. तिथे चमचे मोजावेत. वरच्या प्रमाणात पाणी घालून सॉस चोवीस-पंचवीस टेबलस्पून होतो, म्हणजे चमच्याला सुमारे ३ ग्रॅम. हॉटेलातला जास्त गोड असतो, तेव्हा ४ धरा. सॉस वेगळ्या वाटीत मागितला तर मोजणं सोपं जातं. ताटात उरलेला सॉस मात्र हिशेबातून वजा करायला विसरू नका. इन्शुलिन घेतलं सहा चमच्यांचं आणि खाल्ले दोनच, तर साखर खाली जाऊन घाम फुटेल, हात थरथरतील. वर जाण्यापेक्षा हे लवकर अंगाशी येतं. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं.

मुंबईतल्या पारशी घरांतली ‘सास नी मच्छी’ यापेक्षा बरीच सौम्य. तिचा पांढरा, दाट रस्सा पाहून भीती वाटते; पण दाटपणा येतो थोड्या तांदळाच्या पिठाने आणि अंड्याने, साखर एक-दोन चहाचे चमचेच. माणशी सहा-सात ग्रॅम धरली तरी चालतं. तिथे मोजायची ती सोबतची खिचडी.

तळलेल्या माशातल्या तेलामुळे साखर उशिरापर्यंतही चढत राहू शकते. म्हणून दोन तासांनी आणि पुन्हा चार तासांनी तपासून आकडे हॉटेलच्या नावासह वहीत लिहून ठेवा. किती ग्रॅमना किती युनिट, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. ते डॉक्टरांकडून ठरवून घेताना ही वही बरोबर न्या.