साडेतीन हजारांत शेड धुणारा आला, आता दर काय सांगावा?



ज्या घरातल्या मुलाने शेतीला जोड म्हणून दाबाच्या पाण्याने धुण्याचे यंत्र घेतले आहे, किंवा घ्यायचे मनात आहे, त्या घरासाठी हा लेख आहे. सगळे ज्याला प्रेशर वॉशर म्हणतात तेच हे यंत्र. फाट्यावर ट्रॅक्टर आणि मोटारसायकली धुणारी वॉशिंग सेंटरे तुमच्या पाहण्यातली आहेतच. तेच यंत्र पिकअपमध्ये टाकून कोंबड्यांची शेड, गाईंचे गोठे, पाण्याच्या टाक्या धुण्याची उक्ती कामे घेणारी मुलेही आता गावोगाव आहेत.

धंदा वाईट नाही. पण थोडे दिवस गेले की तक्रार सुरू होते. आपण शेड पाहून, पायऱ्यांनी लांबी-रुंदी मोजून सहा हजार सांगावेत, आणि चार दिवसांनी कळावे की पलीकडच्या गावचा एकजण साडेतीन हजारांत काम करून गेला. एकदा झाले, दोनदा झाले, तिसऱ्यांदा मुलगा घरी येऊन म्हणतो, "बाबा, आपणही साडेतीनच सांगू. यंत्र नुसते पडून राहण्यापेक्षा बरे."

तुम्ही काय सांगाल? लगेच हो म्हणू नका. आधी वही घेऊन बसा आणि घरातल्या बाईमाणसालाही जवळ बसवा, कारण पुढे येणाऱ्या हिशेबातला एक आकडा बहुधा तिलाच बरोबर ठाऊक असतो.

समजा, दहा हजार चौरस फुटांची शेड आहे, म्हणजे साधारण नऊ-दहा हजार ब्रॉयलर पक्ष्यांची. दोन माणसे, दोन दिवस, आणि यंत्र एकूण चौदा तास चालणार. वीज व पाणी शेडमालकाचे. यंत्राची किंमत साठ हजार आणि ते दोन हजार तास चालेल असे धरले, तर तासाला तीस रुपये यंत्राची झीज. चौदा तासांचे झाले चारशे वीस. पंपाचे तेल, सील, नोझल, फुटणारा पाइप यांना तासाला वीस रुपये धरा, म्हणजे दोनशे ऐंशी. दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी, सहाशेच्या भावाने, चोवीसशे. पिकअपच्या फेऱ्या आठशे. धुण्याची पावडर, बूट, हातमोजे, चष्मे यांचा वाटा सातशे. आणि काम पाहायला, दर सांगायला, पैसे मागायला जो दिवस मोडतो त्याचे सहाशे. बेरीज करा. बावन्नशे रुपये होतात. त्यावर पंधरा टक्के नफा धरला की झाले सहा हजार.

हे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. तुमच्याकडची मजुरी वेगळी असेल, अंतर वेगळे असेल. आकडे बदला, पण रीत तीच ठेवा.

आता साडेतीन हजारवाल्याची वही पाहू. बहुधा त्याच्याकडे वही नसतेच. त्याच्या डोक्यातला हिशेब असा असतो: बरोबरच्या गड्याची मजुरी बाराशे, गाडीचे आठशे, पावडर वगैरे सातशे, एकूण सत्तावीसशे. साडेतीन हजार मिळाले, आठशे सुटले! स्वतःची दोन दिवसांची मजुरी बाराशे त्याने धरलेली नाही. यंत्राची झीज व दुरुस्ती मिळून सातशे धरलेले नाहीत. हिंडण्यात गेलेला दिवस धरलेला नाही. खरे पाहता तो आठशे मिळवत नसून प्रत्येक शेडीमागे सतराशे रुपये आपल्या अंगचे घालतो आहे. हे त्याला यंत्राचा पंप जाईल त्या दिवशी कळेल. तोवर त्याच्या दराने सारे शिवार नासते, ही खरी अडचण.

आणि बंधूंनो, रागावू नका, पण ही चूक आपल्या घरची जुनी ओळखीची आहे. 1980 साली चाकणला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली कांदा उत्पादक रस्त्यावर उतरले, तेव्हापासून आपण काय सांगत आलो? उत्पादनखर्चावर आधारित भाव द्या, आणि त्या खर्चात आमच्या घरच्या माणसांचे कष्टही धरा. सरकारच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या हिशेबातही खिशातून गेलेला खर्च वेगळा दाखवतात, त्यात घरच्यांच्या श्रमाची किंमत मिळवून होणारा खर्च वेगळा, आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचे व्याज धरलेला आणखी वेगळा. बाजारात उभे राहून आपण हे भांडतो. मात्र आपल्याच मुलाने उक्ते काम घेतले की त्याच्या घामाचा रकाना कोरा! यंत्र धुऊन-पुसून ठेवणारी, फडकी-बूट वाळवणारी, दुपारी शेडीवर डबा पोचवणारी त्याची आई किंवा बायको तर कुठल्याच रकान्यात नसते. म्हणून म्हटले, वही मांडताना तिला जवळ बसवा.

दुसरी गोष्टही तितकीच कडू आहे. शेडमालक कोण असतो? बहुतेक वेळा आपल्यातलाच शेतकरी. व्यापाऱ्याने कांद्याला भाव पाडला म्हणून संतापणारा हाच माणूस धुणाऱ्या पोराला म्हणतो, "अरे, नुसते पाणी तर मारायचे आहे." हे वाचणाऱ्यांत शेडमालकही असतील. त्यांनी पुढचा भाग नीट वाचावा.

नुसते पाणी मारणे म्हणजे काय?

शेडमधून पक्षी गेले की आधी तूस आणि खत खरडून बाहेर काढायचे. जाळ्यांवरची जळमटे, पडद्यांमागची धूळ कोरडीच झाडायची. मग पावडरचे पाणी मारून सारे भिजत ठेवायचे. मग छतापासून सुरुवात करून खाली येत दाबाच्या पाण्याने धुवायचे, म्हणजे वरची घाण धुतलेल्या जागेवर पडत नाही. पाणी निथळून शेड वाळली की मग जंतुनाशक. हा क्रम मोडला की पैसे पाण्यात. विष्ठेचा थर शिल्लक असताना वरून जंतुनाशक फवारले, तर औषधाचा जोर त्या घाणीतच खर्च होतो आणि जंतू खाली सुखरूप राहतात. स्वस्तातला माणूस भिजवण्याचा वेळ आणि खरडण्याची मेहनत यांतच काटछाट करतो, आणि ओली शेड पहिल्या दिवशी स्वच्छच दिसते.

नवापूर आठवते का? 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू तिथल्या कोंबड्यांत सापडला. पक्षी मारून पुरावे लागले आणि लांब लांबच्या गावांतही कोंबडीला गिऱ्हाईक उरले नाही. नुसत्या धुण्याने रोग टळतो असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. रोग पक्ष्यांमार्फत, माणसांच्या पायांनी, गाड्यांच्या चाकांनीही येतो. पण आधीच्या बॅचचा जंतू पुढच्या बॅचला न देणे, एवढे तरी मालकाच्या हातात असते, आणि ते याच दोन दिवसांत.

काम तपासायची सोपी रीत सांगतो. शेड वाळल्यावर पांढरे फडके घ्या आणि जाळीच्या खालच्या कोपऱ्यातून, पाण्याच्या भांड्यांच्या बुडाखालून, पडद्याच्या पन्हाळीतून फिरवा. धुणाऱ्याने हे फडके स्वतःच मालकाच्या हाती द्यावे. आपल्या दरासाठी याहून चांगला वकील मिळणार नाही.

यंत्राबद्दलही दोन शब्द. पुष्कळ जण द्राक्षबागेच्या फवारणीचा एचटीपी पंपच धुण्याला लावतात. त्यात पाणी भरपूर येते, पण दाब तीस-चाळीस किलोच्या आसपास. पाच अश्वशक्तीच्या मोटारीचे चांगले धुलाई यंत्र मिनिटाला तेरा लिटरच पाणी देते, पण दीडशे किलोच्या दाबाने. खरे सांगायचे तर आधी नीट भिजवले असेल तर गुळगुळीत सिमेंटच्या तळावर एचटीपीही चांगले काम करतो. तिथे तुमचा सहा हजारांचा दर टिकणार नाही, आणि टिकू नये. जाळ्या, खडबडीत भिंती, जुना सुकलेला थर असेल तिथेच मोठ्या यंत्राचा उपयोग. मुरुमाच्या तळाला तर दाबाचे पाणी मारूच नका, खड्डे पडतील.

तेव्हा स्वस्त सांगणारा प्रत्येक जण वेडा असतो असे नाही. कुणाचे गाव शेडीपासून हाकेच्या अंतरावर असते, त्याला गाडीभाडे नाही. कुणाकडे कामाला साजेसे हलके यंत्र असते. असा माणूस खरोखरच स्वस्त असतो आणि त्याच्याशी दरात भांडू नये. त्याच्या गावचे काम त्याला सोडा.

मग तुम्ही काय करायचे? मालक दर कमी करा म्हणाला, तर कामाचा एक भाग कमी करा. "तूस-खत तुम्ही काढून, खरडून द्या, मी साडेचार हजारांत धुऊन देतो," हे बोलणे सरळ आहे. नुसतेच सहाचे साडेचार केले तर मालकाच्या मनात येणारच की आधी दीड हजार जास्त सांगितले होते. दर कागदावर लिहून द्या आणि त्यात काय येते, काय येत नाही, ते लिहा: छत, जाळ्या, पडदे, भांडी, बाहेरची गटारे. पाण्याचे तर जरूर लिहा. मिनिटाला तेरा लिटर म्हणजे चौदा तासांत जवळजवळ अकरा हजार लिटर. उन्हाळ्यात हा एक टँकर कुणाच्या माथी, यावरून झालेले काम भांडणात जाते. थोडा इसार आधी घ्या.

सर्वांत मोठी काटछाट होते ती गाडीभाड्यात. एका शिवारातल्या तीन शेडी एकाच आठवड्यात धरता आल्या तर दर खरोखर उतरवता येतो, तोही स्वतःचे नुकसान न करता. ब्रॉयलरच्या वर्षाला पाच-सहा बॅचेस निघतात. एकेका बॅचला दर विचारत बसण्यापेक्षा वर्षाचे काम ठरवून घ्या आणि त्यासाठी थोडी सूट द्या. इथे दिलेली सूट परत येते, कारण हिंडण्याचा मोडणारा दिवस वाचतो.

सगळीच कामे मिळू लागली तर खूश होऊ नका. दहापैकी दहा मालक लगेच हो म्हणत असतील, तर तुमचा दर कमी आहे. गेलेल्या कामांचीही नोंद ठेवा: कुणाचे होते, किती सांगितले, कितीत गेले, आणि पुढच्या बॅचला तो मालक परत आला का. वर्षभरात ही पाने फार बोलकी होतात.

ग्रामपंचायतीच्या टाक्या धुण्याची निविदा ही निराळी जात. तिथे पात्र ठरलेल्यांत ज्याचा दर कमी त्याला काम, हा सरळ नियम. फडके दाखवून तिथे काही होत नाही. तिथे जे काही भांडायचे ते निविदा निघण्याआधी: गाळ किती काढायचा, भिंती घासायच्या की नाही, ब्लीचिंग पावडर कशी व किती वापरायची, हे अटींत लिहा असे ग्रामसभेत कोणीही गावकरी म्हणू शकतो. अटी मोघम असतील आणि आपल्या खर्चाच्या खाली गेल्याशिवाय काम मिळणार नसेल, तर लिफाफा भरू नका. आणि दोघा-तिघांनी मिळून निविदेचे दर आपसांत ठरवण्याचा मोह टाळा. कायद्याला ते मान्य नाही.

एका बाबतीत मात्र दर कितीही पडला तरी कात्री लावू देऊ नका. ओल्या शेडमध्ये विजेचे यंत्र चालते. जोडणीत गळतीचा करंट पकडून वीज तोडणारे स्विच हवेच, आणि पायांत रबरी बूट. शून्य अंशाची, म्हणजे लाल खुणेची नोझल बारीक धार मारते. ती धार हातावर बसली तर नुसते टोचल्याएवढे भोक दिसते, पण पाणी आणि घाण आत खोलवर शिरलेली असते. हळद लावून घरी बसू नका, तासाभरात शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठा. ब्लीचिंग पावडर आणि फरशी धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो.

राहता राहिला तो साडेतीन हजारवाला. तो बहुधा कुणा पाहुण्याचाच मुलगा निघेल. त्याला एकदा चहाला बोलवा आणि वरचा हिशेब त्याच्यासमोर मांडा, त्याचेच आकडे घालून. दर एक करा असे म्हणायला नव्हे. त्याचा पंप बिघडला तर तुमचे यंत्र त्याला, तुमचा बिघडला तर त्याचे तुम्हाला, आणि लांबच्या गावचे काम ज्याच्या वाटेवर त्याचे, एवढे ठरले तरी दोघांच्या गाडीभाड्याचे आठशे-आठशे वाचतील. पावसाळ्याआधी टाक्यांची कामे निघतात. त्याच्या आत ही भेट उरकून घ्या.