३० कोटी डॉलरचं बटण: गिऱ्हाईक वेबसाइटच्या दारातून परत का जातं?

वस्तू निवडली, कार्टमध्ये टाकली, 'चेकआउट' दाबलं आणि समोर आलं, 'आधी नोंदणी करा'. कंटाळून तुम्ही कधी तिथूनच परत फिरला आहात का? दुकानदाराला मात्र वाटत राहतं की भाव परवडला नसेल.

ज्या कामासाठी माणूस वेबसाइटवर आला, ते काम किती कमी त्रासात झालं, यालाच युजर एक्सपिरिअन्स किंवा यूएक्स म्हणतात. रंग, लोगो, फोटो हा त्यातला एक भाग झाला. धंद्यात पैसे अडकतात ते बहुतेकदा दुसरीकडेच.

अमेरिकेतले यूएक्स तज्ज्ञ जेरेड स्पूल यांनी सांगितलेला एक किस्सा या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. एका बड्या ऑनलाइन दुकानाच्या चेकआउटवर एक साधा फॉर्म होता. ईमेल आणि पासवर्डसाठी दोन चौकटी, 'लॉगिन' आणि 'रजिस्टर' ही दोन बटणं, आणि पासवर्ड विसरलेल्यांसाठी एक लिंक. हेतूही चांगलाच होता. एकदा नोंदणी झाली की पुढच्या वेळी खरेदी झटपट होईल.

स्पूल यांच्या टीमने खरेदीची यादी घेऊन आलेल्या लोकांना पैसे दिले आणि ते खरेदी कशी करतात ते पाहिलं. नवे ग्राहक 'रजिस्टर' पाहूनच वैतागत होते. वस्तू विकत घ्यायची तर खातं कशाला? जाहिरातींचा मारा सुरू होईल, अशी धास्तीही होती. गंमत म्हणजे ज्यांच्यासाठी ही सोय केली, त्या जुन्या ग्राहकांनाही ती नडत होती. कोणता ईमेल दिला होता, पासवर्ड काय होता, काहीच आठवेना. नोंदी तपासल्या तेव्हा ४५ टक्के ग्राहकांची एकाहून जास्त खाती निघाली, काहींची तर १०पर्यंत. पासवर्डसाठी रोज सुमारे १ लाख ६० हजार विनंत्या येत होत्या, आणि त्यातल्या ७५ टक्के लोकांनी पुढे ती खरेदी पूर्ण करायचा प्रयत्नच केला नव्हता.

उपाय सोपा निघाला. 'रजिस्टर' काढून तिथे 'पुढे चला' अशा अर्थाचं बटण आलं, आणि खरेदीसाठी खातं उघडण्याची गरज नाही, हवं तर नंतर उघडा, असा एक साधा मजकूर. खरेदी पूर्ण करणारे ग्राहक ४५ टक्क्यांनी वाढले. स्पूल यांच्या म्हणण्यानुसार पहिल्या महिन्यात दीड कोटी आणि पहिल्या वर्षात ३० कोटी डॉलरची विक्री वाढली. माल तोच होता आणि भावही तेच.

एक्स्पीडिया या प्रवास कंपनीचा अनुभवही असाच. बुकिंगच्या फॉर्ममध्ये 'कंपनी' अशी एक ऐच्छिक चौकट होती. गोंधळलेले ग्राहक त्यात आपल्या बँकेचं नाव लिहीत, आणि मग पत्त्याच्या जागी बँकेचाच पत्ता. कार्डाशी पत्ता जुळेना, पैसे जाईनात. ती चौकट काढल्यावर नफा वर्षाला सुमारे १ कोटी २० लाख डॉलरनी वाढला.

आपल्याकडे आणा हा हिशोब. रत्नागिरीहून थेट हापूस विकणारी एखादी छोटी वेबसाइट घ्या. ग्राहक पेटी निवडतो, नाव-पत्ता भरतो, ओटीपी टाकतो आणि शेवटी कळतं, 'तुमच्या पिनकोडवर डिलिव्हरी नाही'. पिनकोड सुरुवातीलाच विचारला असता तर पाच मिनिटं वाचली असती. हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. चिडून गेलेलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षीपर्यंत लक्षात ठेवतं.

काही धंदे याच्या उलट टोकाला जातात. गिऱ्हाइकाचं काम सोपं करण्याऐवजी त्याला फसवणारी रचना करतात. न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणं, खरी किंमत अगदी शेवटी दाखवणं, सबस्क्रिप्शन बंद करायची वाट लपवणं. याला 'डार्क पॅटर्न' म्हणतात. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ प्रकारांची यादी देऊन त्यांवर बंदी घालणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हा ही चलाखी आता कायद्याच्याही कचाट्यात येते.

आपली वेबसाइट कुठे अडते, हे शोधायला मोठा खर्च लागत नाही. यूएक्स तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी २००० साली मांडलं की चाचणीला पाच माणसं बसवली तरी बहुतेक अडचणी दिसून येतात. त्यासाठी वेबसाइट बनवणारा मित्र नको. ती कधीच न पाहिलेली मावशी, शेजारचे काका चालतील. 'एक पेटी मागवून दाखवा' एवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं. हात शिवशिवले तरी 'अहो, ते खालचं बटण' म्हणायचं नाही. आणि फोन त्यांचाच वापरू द्यायचा, मालकाचा नवाकोरा नव्हे.